पाच दिवसांची मुदत

माझ्या थोरल्या बहिणीला एका जागी बसवत नाही, पण गेल्या आठवड्यात तिने कहरच केला. स्वयंपाकघरातले डबे तीनदा पुसले, पडदे धुतले, मग माझ्या कपाटाला हात घातला. मी जाम वैतागले. तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं.

ताई लोकांच्या पेन्शनचे पैसे गुंतवणाऱ्या कंपनीत अकरा वर्षं आहे. हवामान वाचवणाऱ्या कायद्यांना आमचा पाठिंबा, असं ही कंपनी दरवर्षी छापून सांगते. सरकारदरबारी मात्र बोलते कंपन्यांची संघटना, सगळ्या सभासदांच्या वतीने. ती कंपनीच्या नावावर भलतंच काही मागत नाही ना, हे तपासून अहवाल लिहायचा, हे ताईचं काम. त्याचा तिला भारी तोरा. पाहुण्यांनी सांगितलेलं वयसुद्धा ती पडताळून घेते.

यंदा अहवाल लिहिताना तिला एक पत्र सापडलं. कोळशाची वीजकेंद्रं इतक्यात बंद करू नका, असं संघटनेने सरकारला कळवलं होतं, आणि खाली ताईच्या कंपनीचं नाव. मसुदा आधी ताईकडेच आला होता. पाच दिवसांत हरकत आली नाही तर संमती धरू, अशी त्यात तळटीप होती. रोजच्या ढीगभर पत्रकांसारखा तिने तोही न वाचताच फाइलला लावला होता.

"नोकरी गेली समज," ती म्हणाली. "पोरीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे गं."

"मग लिहूच नकोस. कोण बघतंय?" मी म्हणाले. आता त्याची लाज वाटते.

"मी बघतेय ना."

सोमवारी तिने साहेबांपुढे चूक कबूल केली. साहेब चक्क हसले.

"अहो, चूक कसली? मसुदे तुमच्याकडे पाठवा, असं मीच संघटनेला सांगितलं होतं. माझ्याकडे आले असते तर मला हरकत घ्यावी लागली असती. तुम्ही ते उघडत नाही, हे ठाऊक होतं मला."

ताई जागेवर आली. अहवालात 'माझ्या दुर्लक्षामुळे' असं लिहिलेलं होतं, ते तिने खोडलं नाही. त्याखाली साहेबांचं बोलणं शब्दशः उतरवलं आणि अहवाल थेट संचालक मंडळाला पाठवून दिला.

घरी आल्यावर चपलाही न काढता तिने मला हे सांगितलं.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते की. पण राग जास्त येतोय," ती म्हणाली. "अकरा वर्षं मला वाटत होतं, चोख काम करते म्हणून मला तिथे बसवलंय."