आगाशेबाईंचा फोनवरचा वर्ग

शकुंतला आगाशे सांगलीच्या एका कॉलेजात सतरा वर्षं भूगोल शिकवत होत्या. आवाज खणखणीत, चाल भराभर आणि बोलताना हात सतत हवेत डोंगर-दऱ्या काढत असायचे. १९९८च्या मे महिन्यात त्यांच्या मानेला गाठ आली. मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि लसिका ग्रंथींचा कर्करोग असल्याचं सांगितलं. लवकर सापडलाय, बरा होण्यासारखा आहे, पण दर तीन आठवड्यांनी एक असे केमोचे सहा डोस घ्यावे लागतील आणि तोवर गर्दीत अजिबात जायचं नाही.

"गर्दी म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"लग्नं, बाजार, तुमचा वर्ग. पांढऱ्या पेशी कमी झाल्या की साधी सर्दीसुद्धा महागात पडेल."

लग्नं आणि बाजार बाईंनी तिथल्या तिथे सोडून दिले. वर्ग मात्र सुटेना. पहिल्या डोसानंतर तीन दिवस उलट्या झाल्या, चौथ्या दिवशी त्या उठून बसल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिल्या. कॉलेज सुरू होऊन आठवडा झाला होता. बदली शिक्षक मिळत नव्हता.

त्यांचे यजमान सुमंतराव टेलिफोन खात्यात होते. त्यांनी बायकोच्या मनातलं ओळखलं. "शकू, तुला तिथं जाता येत नाही, पण तुझा आवाज जाऊ शकतो. स्पीकरचा फोन असतो ना, प्राचार्यांच्या खोलीत?"

प्राचार्य आधी हसले, मग दोन दिवस विचार करून हो म्हणाले. तीस फूट वायर टाकून तो फोन सात नंबरच्या खोलीत नेला. त्याची जबाबदारी घेतली तात्याबानं. तात्याबा कॉलेजचा जुना शिपाई, पुढच्या वर्षी निवृत्त होणारा. समोर प्रथम वर्षाची चाळीस मुलं-मुली होती. त्यांतल्या एकानंही बाईंना कधी पाहिलं नव्हतं.

पहिल्या दिवशी बाईंनी नकाशातल्या समोच्च रेषा शिकवल्या. समान उंचीच्या जागा जोडणारी रेषा, व्याख्या, प्रकार, उपयोग. चाळीस मिनिटं अखंड बोलल्या. शेवटी विचारलं, "कळलं का?"

पलीकडे नुसते बाक करकरले. मग तात्याबाचा आवाज आला, "आवं बाई, समदी गप हायत. कळलंय म्हणून न्हाई. काय इचारावं त्येच कळंना झालंय. आन् मागच्या बाकावरचं दोघं तर कवाच झोपल्यात."

फोन ठेवल्यावर बाईंना रडू आलं. रात्री सुमंतरावांनी मऊ भात कालवून पुढ्यात ठेवला, तर त्या म्हणाल्या, "अहो, घरात बटाटे आहेत का?"

दुसऱ्या दिवशी तात्याबानं बाजारातून पिशवीभर बटाटे आणले, कॅन्टीनमधून सुऱ्या आणल्या. फोनवरून हुकूम सुटला: "बटाटा मधोमध कापा. कापलेली बाजू कागदावर ठेवा आणि कडेनं पेन्सिल फिरवा. आता खालून एक चकती काढून टाका, उरलेला बटाटा त्याच जागी मधोमध ठेवा आणि परत पेन्सिल फिरवा. बटाटा संपेपर्यंत हेच करा."

वर्गात एकच कालवा झाला. बाई रिसीव्हर कानाशी धरून तो ऐकत होत्या. कुणाची सुरी घसरत होती, कुणाचा बटाटा बाकाखाली गडगडत होता. हळूहळू कागदांवर एकात एक वेटोळी उमटली.

"हाच तुमचा डोंगर," बाई म्हणाल्या. "रेषा जिथं जवळजवळ आल्यात तिथं काय असेल?"

"उभा चढ!" पाच-सहा आवाज एकदम आले.

आणि मग एक बारीक आवाज, "बाई, ही तर मेंढरांची वाट हाय."

"कोण बोलतंय?"

"मी अंजना. आटपाडीकडची. आमची मेंढरं डोंगराच्या अंगाला चरत्यात ना, ती सरळ वर चढत न्हाईत. एकाच उंचीनं कडंकडंनं चालत्यात. लय वर्सं चालून चालून तशाच वाटा पडत्यात, एकावर एक. लांबनं बघितलं की हुबेहूब अशीच दिसत्यात."

शकुंतलाबाईंनी वही जवळ ओढली. सतरा वर्षं त्या हेच शिकवत आल्या होत्या आणि ही गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. "अंजना," त्या म्हणाल्या, "हे परत सांग. सावकाश. मला लिहून घ्यायचंय."

उरलेल्या बटाट्यांची कॅन्टीनमध्ये भजी झाली. तात्याबानं संध्याकाळी डब्यातून घरी आणून दिली आणि दारातूनच परत फिरला. बाईंना तिखट चालत नव्हतं, तरी त्यांनी अर्धं भजं खाल्लं.

असे दिवस जात राहिले. केस गेले, भुवया गेल्या, वजन उतरलं. पण साडेदहा वाजले की बाई खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून खुर्चीत ताठ बसत आणि त्यांचा मोकळा हात रिकाम्या खोलीत नद्यांची वळणं काढू लागे. तात्याबा मध्येच बातमी देई, "बाई, आज निळा शर्ट लय लक्ष दिऊन ऐकतोय," आणि निळ्या शर्टावर हशा पिके.

चौथ्या डोसानंतर तोंड आलं. जीभ, गाल, घसा, सगळीकडे फोड. पाणी गिळवेना, शब्द निघेना. सुमंतरावांनी कॉलेजात फोन करून तास रद्द करायला सांगितलं. तात्याबा म्हणाला, "जरा थांबा सायेब," आणि मागे कुजबुज ऐकू आली. मग अंजनानं फोन बाईंच्या कानाला लावायला सांगितला.

"बाई, तुमी नुसतं ऐका. आज आमी शिकवतो. बरोबर असलं तर कायतरी एकदा वाजवा. चुकलं तर दोनदा."

बाईंनी खुणेनं स्टीलची वाटी आणि चमचा मागवला. त्या दिवशी नदीचं कार्य मुलांनी बाईंना शिकवलं. टण. टण. टणटण! चूक झाली की वर्ग ओरडे, वाद घाली, पुन्हा पुस्तक उघडी आणि पुन्हा सांगे. टण. सुमंतराव दारात उभे राहून बघत होते. बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओठ दुखत असतानाही ती हसत होती.

सहावा डोस ऑक्टोबरात संपला. जानेवारीत डॉक्टरांनी सगळे अहवाल बघून चष्मा काढला आणि म्हणाले, "आता जा तुमच्या गर्दीत."

दुसऱ्याच सकाळी डोक्याला रुमाल बांधून, सुमंतरावांच्या स्कूटरवर मागे बसून बाई कॉलेजात गेल्या. सात नंबरच्या खोलीत शिरल्या तेव्हा मुलं गप्पांत होती. एकानं वर बघितलं आणि म्हणाला, "मावशी, ऑफिस तिकडं हाय."

"अरे, पण माझा तास इथं आहे," बाई म्हणाल्या.

तो खणखणीत आवाज ऐकताच सगळा वर्ग धडपडत उभा राहिला. एक बाक आडवा झाला. मागून कुणीतरी शिट्टी मारली आणि दाराशी उभ्या तात्याबानं त्याला रागवायचं सोडून स्वतःच टाळ्या वाजवल्या.

बाईंनी शिकवायला सुरुवात केली, पण सवयीनं तोंड खिडकीकडे झालं आणि डोळे मिटले. पोरं खुसुखुसू हसली. बाईंनी डोळे उघडले, त्याही हसल्या आणि हजेरीपट उघडला. एकेक नाव घेऊन त्या वर बघत, चेहरा डोळे भरून पाहत, मगच पुढे जात. ज्याला त्या उंच समजत होत्या तो बुटका निघाला. घोगऱ्या आवाजाचा दांडगा पोरगा अगदी किडकिडीत होता. अंजना पहिल्याच बाकावर बसली होती, दोन वेण्या, कपाळावर गोंदण.

"तू होय ती!" बाई म्हणाल्या.

"व्हय बाई," ती लाजून म्हणाली. "आन् तुमी ह्या व्हय!"

हजेरी संपेपर्यंत घंटा झाली. त्या दिवशी भूगोल काही झाला नाही.