खड्ड्यातला नळ

साळूबाईला गल्लीतले लोक सीआयडी म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागं. पण तिला ते पक्कं ठाऊक होतं, कारण आपल्या पाठीमागं कोण काय बोलतं हे माहीत करून घेण्यातच तिचा अर्धा दिवस जाई. दूध आलं की ती आधी एक थेंब नखावर घेऊन उन्हात धरी. भाजीवाल्याच्या काट्यावर भाजीआधी घरचा बत्ता ठेवी, कारण त्याचं वजन तिला पाठ होतं. सुनेनं, म्हणजे रूपालीनं, न सांगता साखर घेतली का हे कळावं म्हणून ती डब्यातल्या साखरेवर बोटानं रेघ ओढून ठेवते, अशी एक वदंता होती. ती खरी होती.

जन्मतः बाई अशी नव्हती. बावीस वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा बन्सी करमाडहून शहराच्या कडेला राहायला आले. बन्सीला शेंद्र्याच्या एका कंपनीत काम लागलं होतं आणि जवळच कुणीतरी मळ्याचे गुंठे पाडून प्लॉट विकायला काढले होते. नकाशावर तीस फुटी रस्ता, मधोमध बगीचा, दोन्ही अंगांना गटार, सगळं हिरव्यानिळ्या शाईनं रंगवलेलं. साळूबाईनं त्या नकाशाला हात जोडले होते. राहायला आल्यावर रस्ता भरला नऊ फूट. बगीच्याचे पुढं चार प्लॉट झाले. गटार एकाच बाजूनं निघालं, आणि काही वर्षांनी पाण्याची लाईन आली तेव्हा तिला निराळी जागाच उरली नव्हती, म्हणून तीही गटाराला खेटून त्याच चरात पुरली. बन्सी म्हणाला, "जाऊ दे, डोक्यावर छप्पर तर झालं." आज बन्सी नाही, पण साळूबाईनं ते अजून जाऊ दिलेलं नाही. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ही तर दुसऱ्याचं ताकसुद्धा फुंकायला जायची.

त्या गल्लीत पाणी आठ दिवसांनी यायचं. कधी नववा उजाडायचा, कधी दहावा. चौकातला वॉलमन सोमनाथ चावी फिरवायचा आणि मग दीड तास गल्लीत जेवणखाण, भांडण, टीव्ही सगळं बंद. सुरुवातीला नळ कमरेएवढे उंच होते आणि त्यांना धार यायची करंगळीएवढी. तेव्हा डोकं लढवलं ते साळूबाईनंच. पाणी उताराला धावतं, मग नळच उताराला न्यावा! तिनं दारासमोर मांडीएवढा खड्डा खणवला, पाईप खाली तोडून नळ खड्ड्यात घेतला आणि धार झाली मनगटाएवढी. पुढच्या पाळीपर्यंत गल्लीत घरोघरी खड्डे. नळाला तोटी लावायची नाही, हाही शोध तिचाच. तोटी बंद असली तर पाणी आल्याचं कळणार कसं? उघडा नळ आधी फुरफुरतो, हवा सोडतो, आणि बाया त्या आवाजावर हंडे घेऊन धावतात. भांड्यांचं खरकटं, गटारातून झिरपलेलं, असलं पाणी खड्ड्यात साचून राहायचं खरं, पण नळाचं पाणी गेलं की थोड्या वेळात ते आपोआप आटायचं. "जमीन पिती," साळूबाई सांगायची. तिच्यासारखीनं सांगितलं म्हणजे तपासूनच सांगितलं असणार, असं म्हणून सगळे मानायचे.

यंदा पोळा झाला आणि तिची नात राजनंदिनी जेवेना. दुसरीतली पोर, एरवी भाकरीचा तुकडा हातात घेऊन पळणारी, ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. चौथ्या दिवशी रूपालीनं तिच्या डोळ्यांत बघितलं तर डोळे पिवळे. कावीळ. गल्लीतलं हे तिसरं लेकरू. राजनंदिनी हे जगातलं एकच माणूस असं होतं, ज्याच्यावर साळूबाईनं कधी संशय घेतला नव्हता. तिला असं मलूल पडलेलं बघून म्हातारीच्या काळजाचं पाणी झालं, आणि काळजी तिला एकाच वाटेनं नेई. हे कुणी केलं?

पहिला नंबर पाणीपुरीवाल्याचा लागला. त्याच्या मडक्यात तिनं भर चौकात हात घातला. मग जारवाला. मग शाळेतली खिचडी शिजवणारी बाई. कुणीतरी कावीळ उतरवणाऱ्या बुवाला घेऊन आलं. त्यानं पोरीचे हात चुन्याच्या पाण्यात धुतले आणि पाणी पिवळं झालेलं दाखवून म्हणाला, "बघा, उतरली." साळूबाईनं आपले धडधाकट हात त्याच्याच पिशवीतला चुना घेऊन धुतले. ते पाणीही पिवळं झालं. बुवाला चप्पल हातात घेऊन पळावं लागलं. खोट्या पुराव्यावर लोकांना गंडवणाऱ्याला उलटं टांगावं, असं ती त्या दिवशी सगळ्यांना ऐकवत होती.

मग तिची नजर भिंतीपलीकडं गेली. शेजारीण कडूबाई, फुलंब्रीकडची, वीस वर्षांची सोबतीण. तिच्या संडासाची टाकी साळूबाईच्या भिंतीला लागून होती.

"तुझी टाकी फुटली कडू, म्हणून माझं लेकरू पडलंय," साळूबाई दारात उभी राहून ओरडली.

"टाकी फुटली असती तर आधी माझ्या घरात वास नसता आला?" कडूबाई म्हणाली. "माझी सून अमृता सहा म्हैन्यांची गरवार हाये. मी काय तिला घाणीत ठिवीन व्हय? ये, बघून जा."

साळूबाई खरंच आत जाऊन बघून आली. टाकीची भिंत बाहेरून कोरडी ठणठणीत होती. कडूबाईनं त्या दिवसापासून तिच्याशी बोलणं टाकलं.

राहता राहिला वॉलमन सोमनाथ. तो नक्की दुसऱ्या कुठल्या तरी लाईनीचं घाण पाणी इकडं वळवतो, आणि हे वॉल बंद करतानाच करतो, अशी साळूबाईची खात्री पटली. म्हणून पाण्याच्या दिवशी, दुपारी चारच्या उन्हात, सगळ्या बाया हंडे घेऊन घरात गेल्यावरही ती खड्ड्याच्या काठावर बसून राहिली. चौकात सोमनाथनं चावी फिरवली. धार बारीक झाली, तुटली. नळाचं तोंड खड्ड्यातल्या राखाडी पाण्यात बुडालेलं होतं. आणि मग नळानं घुटका घेतला.

तिला वाटलं भास झाला. तिनं वाकून बघितलं. पाण्यावर एक लिंबाचं पान तरंगत होतं, ते गोल फिरत नळाच्या तोंडाशी गेलं आणि आत ओढलं गेलं. मागोमाग साबणाचा फेस. खड्डा डोळ्यांदेखत खाली खाली गेला आणि शेवटी नळानं रिकाम्या पेल्यासारखा सुर्रकन आवाज केला. जमीन काही पीत नव्हती. इतकी वर्षं गल्लीतल्या प्रत्येक खड्ड्यातली घाण लाईन पीत होती आणि आठ दिवसांनी तीच घरोघरी वाढत होती.

ती तशीच चौकात गेली.

"मावशी, वॉल बंद केला की उतारावरलं पाणी खाली पळतंय," सोमनाथ म्हणाला. "पाईप मोकळा पडला की मागून जे सापडंल ते वढून घेतोय. नळ वर घ्या, तोट्या लावा, म्हणून मी बोंबलून थकलो. तुम्हीच म्हणला होता, ह्याला आमचं पाणी चोरायचंय."

ती म्हणाली होती. शब्दन्‌शब्द आठवत होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा, असं दुसऱ्याला किती वेळा ऐकवलं होतं तिनं! लाजेनं तिचे कान तापले. आणि लाजेपेक्षा मोठी होती ती भीती. लाईन एकच होती. तिनं एकटीनं नळ वर घेऊन काही साधणार नव्हतं. सगळ्यांनी घ्यायला हवा होता.

रविवारी तिनं बायांना बुद्धविहाराच्या ओट्यावर बोलावलं. गल्लीत चार माणसांनी बसावं एवढी मोकळी जागा तीच होती, तीही भांडून राखलेली. साळूबाईनं लिंबाच्या पानाची सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणाली, "खड्डे माझ्याच डोक्यातून निघाले. चूक माझी हाये. बुजवा बायांनो."

मग भागूबाई नावाची पलीकडच्या टोकाची बाई हसली. "म्हंजी आमी नळ वर घ्यायचे अन् समदं पाणी तुझ्या खड्ड्यात? लई शानी हायेस."

"मी माझा आधी बुजवते."

"वरून बुजवशील. आतून काय करशील कुणाला म्हाईत?"

बाया उठल्या. संशय कसा घ्यायचा हे तिनंच त्यांना वीस वर्षं शिकवलं होतं, आणि विद्यार्थिनी हुशार निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा राजेंद्र कंपनीतली पहिली पाळी करून आला, तेव्हा तिनं त्याच्याकडून भर दुपारी, सगळ्यांसमोर खड्डा मुरमानं भरून घेतला, वर सिमेंट ओतलं, नळ गुडघ्याच्या वर घेतला आणि पितळी तोटी लावली. पाण्याची पाळी आली. गल्लीतले खड्डे भळाभळा वाहिले. साळूबाईच्या तोटीतून नुसती हवा आली. भागूबाई दोघीतिघींना घेऊन सरळ घरात शिरली, मागचं दार, मोरी, न्हाणीघर, सगळं तपासलं. साळूबाईनं एकेका ड्रमाचं झाकण स्वतः काढून दाखवलं. ड्रम रिकामे होते. इतकी वर्षं लोकांची भांडी तपासलेल्या बाईला आपली भांडी तपासून देताना काय वाटतं, ते तिला त्या दिवशी कळलं. वाईट वाटतं, फार वाईट.

त्या गेल्यावर पलीकडं मोटर घरघरली, भिंतीवरून एक पाईप आत आला आणि ड्रममध्ये पाणी पडायला लागलं. पलीकडून कडूबाईचा आवाज आला, कित्येक दिवसांनी.

"उकळून घे. माझ्यावर इश्वास ठिवू नको."

"कडू, तू तरी नळ वर घे गं."

"बघते आधी, पोरीचे डोळे निवळत्यात का."

हे वाक्य गल्लीभर झालं. मग रोज सकाळी कुणी ना कुणी येई, राजनंदिनीची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं करी, डोळ्यात निरखून बघे आणि जाई. साळूबाईवर कुणाचा भरवसा नव्हता, पोरीच्या डोळ्यांवर होता. आणि डोळे निवळत चालले होते. पोर उठून बसली, भाकरी मागू लागली.

त्याच आठवड्यात साळूबाई तिला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीण तरुण होती. तिनं पोट दाबून बघितलं आणि हसून म्हणाली, "झाली बरी."

"नळ वर घेतला म्हणून ना?"

"नाही हो आजी. ही कावीळ लेकरांची तीन-चार आठवड्यांत आपली आपण जाते. नळ खड्ड्यात असता तरी गेली असती. नळाचा उपयोग अजून ज्यांना झाली नाही त्यांना, तोही सगळ्यांनी वर घेतला तर." मग तिनं विचारलं, "गल्लीत कुणी गरोदर आहे का? पाण्यातून येणारी एक कावीळ असते, ती गरोदर बाईच्या जिवावर बेतते. तिला जपा."

साळूबाई गल्लीच्या तोंडाशी रिक्षातून उतरली तर कडूबाई दारातच उभी. मागं अमृता एक हात कमरेवर ठेवून दोरीवर कपडे वाळत घालत होती. कडूबाईनं राजनंदिनीची हनुवटी वर केली. डोळे पांढरेशुभ्र होते.

"काय म्हणली डाक्टरीण?" तिनं विचारलं. "खरं सांग साळू. नळानंच उतरली का?"

साळूबाईनं अमृताकडं बघितलं. "व्हय," ती म्हणाली. "नळानंच."

"लेकराच्या डोक्यावर हात ठिवून सांग."

साळूबाईच्या घरात शपथा, नवस, उतारे यांना जागा नव्हती. हे सगळं थोतांड आहे, हे बन्सीनं तिला लग्नाच्या वर्षीच शिकवलं होतं आणि तिला ते मनापासून पटलेलं होतं. तरी हात उचलताना तो जड झाला. तिनं तो नातीच्या केसांवर ठेवला.

"हिची शपथ," ती म्हणाली.

कडूबाईनं त्याच दिवशी प्लंबर बोलावला. मग पलीकडचीनं, मग तिच्या पलीकडचीनं. भागूबाईचा खड्डा सगळ्यात शेवटी बुजला, तोही तिनं इतरांचे सगळे ठोकून बघितल्यावर. आता गल्लीत एकही उघडा नळ नाही. धार बारीक येते, सगळ्यांना सारखीच बारीक. अमृता बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत.

साळूबाई मात्र रोज सकाळी राजनंदिनीला दारात उन्हात उभी करते आणि तिच्या डोळ्यांत बघते. डोळे पांढरे असतात. पोर कंटाळून म्हणते, "आजी, काय बघायलीस गं रोज?" म्हातारीचा हात तिच्या केसांकडं जातो आणि मधूनच मागं येतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघते.