गार जेल

धुकं इतकं दाटलं होतं की समोरची इमारतही दिसेना. सोनोग्राफीवाल्या ताईंनी नेहमीसारखी जेलची बाटली कोमट पाण्यात उभी केली. चौदा वर्षांची सवय, पेशंटच्या अंगाला गार लागू नये म्हणून. मग यादीतलं पहिलं नाव वाचलं आणि बाटली काढून उघड्या खिडकीत ठेवली.

पार्लरवाली आली. गालांवर गाठी, डोळे रडवेले. ताईंच्या तोंडावर मास्क, त्यामुळे तिने ओळखलं नाही. ताई मात्र तिला सात जन्मांत विसरणार नव्हत्या. दोन वर्षांपूर्वी हिनेच ताईंच्या धाकट्या बहिणीच्या गालात गाल भरायची सुई खुपसली होती. “विरघळणारं आहे गं, सहा महिन्यांत नावनिशाणी राहायची नाही!” गाल वाकडा झाला तो झालाच. तपासणीत सिलिकॉन निघालं. दोघींनी जाब विचारला तर बया धाकटीवरच उलटली, “माझ्याकडचं नाहीच ते. आणखी कुठे गाल पुढे केला होतास?” पुराव्यावाचून तक्रार धूळ खात पडली. धाकटी अजून आरशावर टॉवेल टाकून केस विंचरते.

“अगं बाई, केवढं गार!”

“सोसा थोडं.”

गालात भरायचं विरघळणारं औषध पडद्यावर काळ्या डबक्यासारखं दिसतं. इथे पांढरा धुरळा, पीठ उधळावं तसा. सिलिकॉनच. ताईंना आतून उकळ्या फुटल्या. त्यांनी डॉक्टरांना हाक मारली आणि ते येऊन उभे राहिल्यावरच विचारलं,

“हे सिलिकॉन आहे. आणखी कुठे गाल पुढे केला होतात का?”

“छे हो! माझ्याच हाताने टोचलं. कायम टिकतं म्हणून.”

“आणि गिऱ्हाइकांना?”

“त्यांना... तेच. विरघळतं म्हटलं की घाबरत नाहीत.”

डॉक्टरांनी शब्द न् शब्द लिहून तिची सही घेतली. ताईंनी पडद्यावर दुसरं चित्र लावलं.

“माझंच ना हे?”

“नाही. माझ्या धाकटीचं.” ताईंनी मास्क खाली ओढला.

पार्लरवालीचा चेहरा खर्रकन उतरला. “ताई, चुकले हो. हे निघेल ना?”

“कापावं लागेल. पुरतं निघेलच असं नाही. धाकटीलाही हेच सांगितलं होतं. फरक इतकाच, ते सांगताना मी रडत होते.”

रिपोर्टमध्ये त्यांनी एकेक गाठ मिलिमीटरपर्यंत मोजून लिहिली. खोट्याची गरजच पडली नाही.

ती गेल्यावर ताईंनी मशीनचा प्रोब पुसला, भांड्यात नवं कोमट पाणी ओतलं आणि बाटली पुन्हा त्यात उभी केली.

“या, पुढचं कोण?”