ध्यानाच्या वर्गातली रोवणी

माझे गुडघे माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत. मी पासष्टची, ते पंचाहत्तरचे, आणि दोघंही कुणाचं ऐकत नाहीत.

यंदा सून सुषमानं जाहीर केलं, "आई, तुम्ही आता रोवणीले येऊ नका." चाळीस पावसाळे बांधीतल्या चिखलात वाकून धान रोवलं, बायांची रांग माझ्या गाण्यावर चालली, आणि ही काल आलेली पोर (बारा वर्षं झाली, पण काल आलेलीच!) मला घरी बसवणार? लई राग आला. शेवटी तोड निघाली. ब्रह्मपुरीच्या एका दवाखान्यात जुन्या दुखण्यावाल्या म्हाताऱ्या बायांसाठी ध्यानाचा वर्ग होता. तो पुरा करायचा, तिथल्या मॅडमनं 'हो' म्हटलं तरच रोवणी.

मॅडम नागपूरची, गोड पोरगी. म्हणाली, "दुखण्याशी भांडू नका. पाहुणा आला समजून त्याच्याकडे शांतपणे बघा."

"पाहुणा तं बरा," माझी शेजारीण कौसाबाई म्हणाली. "हा तीन सालापासून जाऊनच नाई राह्यला."

रोज डोळे मिटून पडायचं आणि पायाच्या बोटापासून वर एकेका अवयवाकडे लक्ष द्यायचं. आम्ही नऊ जणी. गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत सात जणी घोरायच्या. (आठवी मी होते असं कौसाबाई सांगते. तिचं मनावर घेऊ नका.)

शेवटच्या दिवशी चालायचं ध्यान होतं. "एका रांगेत उभ्या राहा. डोळे अर्धे मिटा. अगदी हळू, एकेक पाऊल." आता नऊ बाया, एक रांग आणि हळू पाऊल म्हटलं की आमच्याकडे एकच काम असते. माझी कंबर आपोआप वाकली, हात खाली गेला आणि मी मागं सरकू लागले. रोवणी मागं सरकतच होते ना! मी गाणं धरलं, बाकीच्यांनी उचललं, रांग निघाली.

"आजी, पुढे चाला, पुढे!" मॅडम ओरडली.

"पुढं कशा चालू? रोवलेलं तुडवलं जाईल ना," कौसाबाई म्हणाली.

मागं चहाचं टेबल होतं. आधी कप गेले, मग किटली, मग आवाज ऐकून धावत आलेले मोठे डॉक्टर.

मॅडमला हसू आवरेना. "इतकं वाकलात, दुखलं नाही?"

"दुखलं असंन. ध्यानातच नाई राह्यलं."

तिनं तिथंच 'हो' लिहून दिलं.

सोमवारी बांधीत उतरले. अर्धा तास राणीसारखी रोवली, आणि मग कंबर वाकल्या जागीच अडकली. सुषमाला कळलं तर रोवणी कायमची गेली! म्हणून "पाणी पिऊन येतो" सांगितलं आणि तशीच, वाकलेलीच, गावाकडे निघाले.

"काऊन जी बाई, खाली काय पाहून राह्यल्या?" रस्त्यात एकीनं विचारलं.

"कानातलं पडलं वो," मी म्हटलं.

झालं. गावाचा माझ्यावर भारी जीव. पाच मिनिटांत दहा-बारा जण माझ्यासारखेच वाकून चिखल चाळायला लागले. मीही शोधत होते. दुसरं काही करताच येत नव्हतं.

तेवढ्यात सुषमा आली. खाली वाकून तिनं माझं तोंड नीट पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "आई, दोन्ही कानातले कानातच हायेत."

सगळे सरळ उभे झाले. मी सोडून.