कर्नलसाठी पाट

आमचं स्वयंपाकघर माणसांसाठी बांधलेलं नव्हतं. त्याबद्दल कुणाला दोष देण्याची सोय नव्हती, कारण ते मीच बांधून घेतलं होतं.

महायुद्धाचे दिवस होते. मी श्रीगोंद्याला शाळेत भूमिती शिकवत होतो. घरात माणसं दोनच, मी आणि माझी बायको इंदू. पण खाणारी तोंडं बरीच. मनी नावाची मांजर (कायम बाळंतीण!), राघू नावाचा पोपट (हा इंदूच्या आवाजात "अहो, दूध उतू जातंय!" असं ओरडायचा आणि मी दर वेळी धावायचो), आणि कर्नल. कर्नल म्हणजे माझा कुत्रा. नगरच्या छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाची बदली झाली, तेव्हा त्याच्या खानसाम्याने तो माझ्या गळ्यात घातला. वासराएवढा थोराड, पण स्वभावाने इतका गरीब की मनीची पिल्लं त्याच्या पाठीवर झोपायची. माझा त्याच्यावर फार जीव होता. बायकोवर जीव आहे असं त्या काळी चारचौघांत म्हणता येत नसे, कुत्र्याबद्दल मात्र म्हणायला हरकत नव्हती.

घोटाळा होता तो घराच्या रचनेत. पुढे ओटी, मागे परस आणि मधे स्वयंपाकघर. कर्नलला परसात जायचं असलं की तो चुलीसमोरून, इंदूच्या पदराला शेपूट पुसत जायचा. आम्ही दोघं जरा सुधारक असल्यामुळे हे चालून जात होतं. पण वैशाखात पुणतांब्याहून निरोप आला, की आत्याबाई चातुर्मासाला आमच्याकडे येणार.

आत्याबाई म्हणजे इंदूच्या वडिलांची बहीण. लहानपणीच वैधव्य आलेलं. इंदूची आई गेल्यावर तिला त्यांनीच वाढवलं. त्यांचं सोवळं पुणतांब्याच्या घाटावर प्रसिद्ध होतं. आता सोवळ्याचा कायदा असा, की मांजर चुलीच्या अंगावरून गेलं तरी ते सोवळ्यातच; आणि कुत्र्याने उंबऱ्याला नाक लावलं की सगळा स्वयंपाक बाद! हा भेदभाव कुणी केला मला ठाऊक नाही. ज्याने केला त्याच्या घरी नक्की मांजर असणार.

"आत्या येतेय," इंदू म्हणाली, "तेव्हा कर्नलला मळ्यात पोचवा कुणाच्या तरी."

"चार महिने?"

"चारच कशाला? एकदा गेला की गेला. तिने मला तळहातावर वाढवलंय. माझ्या घरी येऊन ती उपाशी राहिली, तर मी तिला तोंड दाखवणार नाही. कुत्रा तरी राहील नाहीतर आत्या."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कर्नल तिचे पाय चाटू लागला. मला दोघांचंही बघवेना.

"मी स्वयंपाकघरच नवं आखतो," मी म्हणालो. "असं आखतो, की आत्याबाईही राहतील आणि हाही राहील!"

भूमिती शिकवणाऱ्या माणसाचा एक वांधा असतो. त्याला वाटतं, जगातली सगळी भांडणं कंपासपेटीने सुटतात. मी खडू घेऊन जमिनीवरच नकाशा काढला. मनीसाठी चुलीजवळ उबेचा कोनाडा. दूध तिच्यापासून वाचवायला तुळईला शिंकं. राघूचा पिंजरा धुराच्या वाटेतून हलवून खिडकीत. आणि कर्नलसाठी माझी खास युक्ती, पाट! भिंतीच्या कडेने, ओटीच्या दारापासून परसाच्या दारापर्यंत, लाकडी पाट एकाला एक जोडून मांडायचे. कर्नल त्यावरूनच जाईल, त्यावरच बसेल. पायाचा जमिनीला स्पर्श नाही, म्हणजे जमीन ओवळी नाही. आपण नाही का जेवायला पाटावर बसत?

"कर्नल पाटावरून चालेल?" इंदूने विचारलं.

"शिकवला की चालेल," मी म्हणालो. (शाळेत ज्यांना मी शिकवत होतो, ती मुलंही फारशी चालत नव्हती. पण ते असो.)

गवंडी इंदूच्या माहेरचाच मिळाला, किसन. हा गडी गोदावरीकाठचा. जन्मात त्याने घर एखादंच बांधलं असेल; बाकीचं आयुष्य कालव्याच्या कामावर गेलेलं. पण सिमेंट मिळत नव्हतं, गवंडी मिळत नव्हते आणि किसन मिळत होता. सुटीत मला पेपर तपासायला पुण्याला जायचं होतं. इंदू आत्याबाईंना आणायला पुणतांब्याला निघाली होती. घर, जनावरं आणि माझा नकाशा किसनच्या हवाली करून आम्ही निघालो. निघताना मी त्याला पुन्हा बजावलं.

"किसनराव, बाकी काही चुकलं तरी चालेल. या दारापासून त्या दारापर्यंत पाट पाहिजे. जनावरांसाठी."

"जनावरांसाठी पाट? स्वयंपाकघरात?" किसनने टोपी मागे सारली.

"हो. मधे कुठे तुटता कामा नये."

"तुटंल कसा? आवं मास्तर, हयात गेली माजी पाट काढन्यात! तुमी निवांत जावा."

पाट काढण्यात! हे शब्द मी माझ्या या दोन कानांनी ऐकले. पण आमच्या श्रीगोंद्याच्या कोरड्या मुलखात पाट म्हणजे जेवायला बसायचा लाकडी पाट. कालव्याच्या मुलखातल्या माणसाला पाट म्हटलं की एकच दिसतो, पाण्याचा!

मी परत आलो तेव्हा आषाढ तोंडावर आला होता. किसन दारातच उभा होता, चेहऱ्यावर कालव्याचं उद्‌घाटन.

"या, मास्तर! आसा पाट आख्ख्या तालुक्यात घावायचा न्हाई!"

मी आत गेलो. स्वयंपाकघराच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, घडीव दगडाचा आणि चुन्याचा हातभर रुंद पाट. चूल एकीकडे, दोन्ही दारं दुसरीकडे. बाहेर विहिरीजवळ दगडी डोण बसवलेली. किसनने बाहेर जाऊन डोणीत पोहरा रिकामा केला. पाणी झुळझुळत भिंतीच्या भोकातून आत आलं, चुलीसमोरून गेलं आणि समोरच्या भिंतीच्या भोकातून परसातल्या अळूत निघून गेलं.

"उतार बगा कसा साधलाय!" किसन बाहेरून ओरडला.

"अरे गृहस्था! पाट म्हणजे लाकडाचा! बसायचा!"

"बसायचा?" तो आत आला. "जनावरं पाटावर बसून जेवत्यात व्हय तुमच्यात?"

मी घाईने भिंतीकडे बोट दाखवलं.

"आणि हे परसाच्या बाजूचं भोक एवढं मोठं कशाला?"

"कर्नलसाठी! त्याला भाईरनं पानी प्यायला तोंड घालता यावं म्हनून. त्याचं माप घिऊनच पाडलंय."

माप सुरुवातीला घेतलं होतं. त्यानंतर किसनच्या भाकऱ्या खाऊन कर्नल बराच रुंदावला होता, हे आमच्या लवकरच लक्षात आलं.

मी त्याला म्हणालो, "आजच्या आज बुजव हे!" तो म्हणाला, "चुना वाळाय लागलाय, फोडाया पहार लागंल." पहार आणायला तो जो गेला तो गेलाच! मी डोक्याला हात लावून बसलो होतो. तेवढ्यात शेजारच्या दोन कोंबड्या त्या भोकातून आत आल्या आणि पाटातून चालत चुलीपर्यंत पोचल्या. त्यांना हाकलतोय तर मनी चारी पिल्लं घेऊन पाटाकाठी बसली आणि पाण्यात मासा आहे का बघू लागली. खिडकीतून राघू ओरडला, "अहो, दूध उतू जातंय!" मी सवयीने धावलो, पाटात पाय घातला आणि सपशेल आडवा झालो. घरात दूधच नव्हतं!

आणि दारात टांगा थांबला.

माझा संताप, पाय आणि धोतर, तिन्ही सावरत मी परसात पळालो. दोरी सापडेपर्यंत बराच वेळ गेला; मग कर्नलला जांभळीला बांधलं. "तोंड उघडायचं नाही!" असं त्याला हात जोडून सांगितलं. आत येईपर्यंत आत्याबाई विहिरीवर डोण भरून घेऊन, स्नान करून, सोवळं नेसून स्वयंपाकघराच्या दारात पोचल्या होत्या. मागे इंदू. पाट बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, हे काय?"

"पाट," मी म्हणालो. खोटं बोलायला जागाच नव्हती.

आत्याबाई पाट ओलांडून चुलीपाशी गेल्या, आणि त्याच क्षणी कर्नलने इंदूचा आवाज ऐकला! बांधलेली दोरी तोडून तो निघाला तो थेट त्या भोकात शिरला. डोकं आत आलं, पुढचे पाय आत आले आणि पोट अडकलं. अर्धा कर्नल परसात, अर्धा स्वयंपाकघरात. बाहेरून शेपूट भिंतीवर आपटल्याचा आवाज, आत आनंदाने भुंकणं.

"त्याला बाहेर ओढा!" इंदू रडकुंडीला आली.

मी परसात जाऊन मागचे पाय धरून ओढलं. कर्नलला वाटलं, खेळ चाललाय. त्याने जोर लावला, चुन्याचा एक लपका निखळला आणि तो बंदुकीच्या गोळीसारखा आत सुटला. त्याच्यामागोमाग, भोकातून, मीही खांद्यापर्यंत! त्या भोकातून मी डोळ्यांनी पाहिलं. कर्नल पाटात उभा राहिला, डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरला आणि त्याने अंग झाडलं. आत्याबाई आपादमस्तक भिजल्या.

इंदू मटकन बसून हुंदके देऊ लागली. "आता ती नाही राहायची... सकाळच्या गाडीने जाईल..." मी भोकात अडकलेलो. माझं डोकं चालेना, बाकीचं काही हलेना. कर्नल आता कायमचा मळ्यात जाणार, एवढं मला स्वच्छ कळलं, आणि खरं सांगतो, रडू मलाही आलं.

आत्याबाईंनी चेहरा पुसला. मग वाकून पाटातल्या पाण्याकडे बघितलं. बोट बुडवलं.

"इंदे, हे पाणी वाहतंय की गं."

"हो आत्या, पण तो कुत्रा..."

"कुत्र्याचं काय? आमच्या घाटावर वरच्या अंगाला म्हशी डुंबतात, कुत्री पोहतात, धोबी बडवतो. तेच पाणी तोंडात घेऊन मी जन्मभर आचमन केलं. वाहत्या पाण्याचा विटाळ धरायचा, तर माझं सगळं पुण्य बुडालं म्हणायचं! रडतेस काय? माझं स्नान झालं पुन्हा, एवढंच." मग त्या भोकाकडे, म्हणजे माझ्याकडे वळल्या. "जावईबापू, एवढ्या कोरड्या गावात माझ्यासाठी घरात गंगा आणलीत? सख्ख्या लेकाने केलं नसतं हो!"

"तुमच्यासाठीच," मी भोकातून म्हणालो.

निकाल झाला. पाटाच्या अलीकडे चूल आणि सोवळं, पलीकडे दारं आणि कर्नल. त्याने पलीकडे खुशाल लोळावं. इंदूने आत्याला मिठी मारली. (सोवळ्यात! पण पाटातलं वाहतं पाणी तिच्याही अंगावर उडालं होतं, म्हणून चालून गेलं.) कर्नल राहिला! मला किसनचे पाय धरावेसे वाटले. त्याच वेळी आत्याबाईंनी पुढचं वाक्य उच्चारलं.

"मात्र पाणी वाहतं राहिलं पाहिजे बरं का. थांबलं की ते डबकं. डबक्यापलीकडचा कुत्रा मला चालायचा नाही."

आता, पाणी वाहतं राहायचं म्हणजे डोण भरलेली राहिली पाहिजे. डोण भरायची म्हणजे विहिरीतून पोहरा ओढला पाहिजे. आणि आत्याबाईंचा चातुर्मासातला स्वयंपाक म्हणजे काय विचारता! सकाळचा नैवेद्य, दुपारचा फराळ, वरईचे तांदूळ, शिंगाड्याची लापशी. चूल पेटलेली असे तोवर मी रहाटावर. शाळेत जायच्या आधी रहाट, आल्यावर रहाट. वर्गात प्रमेय सिद्ध करताना माझे हात आपोआप दोर ओढल्यासारखे हलायचे आणि पोरं हसायची.

आत मजा चालली होती. 'कर्नल' हा शब्द आत्याबाईंच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी त्याचा 'कर्ण' केला. रोज पहिली भाकरी पाटापलीकडे कर्णाला! सोवळ्यातली मनी मात्र उपासाचं दूध प्याली म्हणून पोळपाटाचा मार खाऊन हद्दपार झाली. राघूने जुनं वाक्य टाकून नवं उचललं. थेट आत्याबाईंच्या आवाजात, "जावईबापू, पाणी थांबलं!" मी अंगाला साबण लावलेला असो की तोंडात घास असो, धावत विहीर गाठायची. डोण काठोकाठ भरलेली असायची. त्या पोपटाची मान मुरगळायला हात शिवशिवायचे. पण खांद्यांत तेवढं बळच उरलं नव्हतं.

शेवटी श्रावण संपता संपता एका संध्याकाळी माझे हात वरच होईनात. मी ओटीवर उघडा बसलो होतो. इंदूला दया आली. तिने वाटीत तूप आणि हळद कालवून आणली आणि माझे खांदे चोळायला घेतले. फार बरं वाटलं. समोर रस्त्यावरून लोक आपापले बैल धुऊन घरी नेत होते. दुसऱ्या दिवशी पोळा होता, आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळून त्यांना जेवणाचं आमंत्रण देतात, हे त्या गडबडीत माझ्या लक्षातच नव्हतं.

आत्याबाईंच्या मात्र होतं. त्या बाहेर आल्या, माझ्या हळदीने माखलेल्या खांद्यांकडे क्षणभर बघितलं आणि पदर तोंडाला लावून म्हणाल्या,

"आज आवतण घ्या, उद्या जेवायला या!"

मी निमूटपणे मान डोलावली. गळ्यात घुंगुरमाळ नव्हती, एवढाच काय तो फरक!