लासुर्ण्याच्या उतारात रोवलेले नळ

दौंडला मोठी गाडी सोडून मी बारामतीच्या छोट्या गाडीत बसलो. विहिरींना बोअर मारणं हा माझा धंदा, पण या खेपेला काम वेगळं होतं. लासुर्ण्याजवळ कालव्याच्या कडेचा खडकाळ उतार ढासळत होता. तो मागे कापावा तर वरच्या शेतातली विहीर जाणार. म्हणून कालव्याच्या ओव्हरसियरने दुसरा उपाय योजला होता. उतारात मनगटाएवढी भोकं पाडायची, त्यांत लोखंडी नळ ठोकायचे आणि सळई घालून सिमेंट ओतायचं. नळ खालच्या अखंड खडकात रुतले, की वरचे सुटे दगड जागचे हलणार नाहीत.

बारामतीला एस.टी.च्या कंडक्टरने नळ टपावर घेतले नाहीत, तेव्हा पणदऱ्याच्या एका गाडीवानाची बैलगाडी ठरवली. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनमधून दिसणारा, कामासाठी बंद ठेवलेला कोरडा कालवा.

"इहिरीचं काम हाय का?" गाडीवानाने विचारलं.

"नाही. दरड धरून ठेवायची आहे."

"दरड धरून ऱ्हाती व्हय?" एवढंच बोलून त्याने बैल हाकले.

विहिरीचे मालक तात्या सत्तरीचे होते. घरी विधवा सून सरजा. दोघं माळवं (भाजीपाला) पिकवून इंदापूरच्या बाजारी नेत. सरजाने बाजरीची भाकरी आणि वांग्याचं कोरड्यास (कालवण) वाढलं. जेवून लगेच चार गड्यांसह मी कामाला लागलो.

बारा फुटांवर पहिला नळ अडला. घणाचा आवाज टणक आला. खडक लागला, असं मी म्हणालो.

तात्या काठी टेकून बसले होते. "ह्यो खडक न्हवं, पावणं. सुटा धोंडा हाय. इहीर खणताना असलं धोंडं लई खालपतूर लागलं."

मला घाई होती. आवाजावरून खडक ओळखायची मला वीस वर्षांची सवय होती. तीन दिवसांत सगळे नळ बारा-तेरा फुटांवर थांबवून मी सिमेंट ओतलं.

चौथ्या दिवशी सकाळी सरजा कडेची वांगी तोडत असताना उतार सरकला. चार नळ धोंड्यांसकट खाली गेले आणि ती वांग्यांच्या सरीसह कालव्यात घसरली. आम्ही धावत उतरलो. तिचे दोन्ही गुडघे फुटले होते, लुगडं मातीने भरलं होतं. तिने पदर झटकला आणि सासऱ्यांकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाली, "आता मामा सांगत्याल तितं थांबा."

त्या दुपारी मी तात्यांबरोबर विहिरीत उतरलो. पायऱ्यांच्या बाजूला मुरुमात रुतलेले धोंडे एकाखाली एक स्पष्ट दिसत होते. बावीस फुटांवर काळा, अखंड खडक सुरू झाला.

"ह्यो माझ्या हातानं फोडलाय," तात्या म्हणाले.

"माझं चुकलं, तात्या. उद्यापासून पुन्हा करतो."

"करा की. आमी हाय हितंच."

पहिले नळ तसेच सोडून त्यांच्यामागे नवी रांग धरली. आडवा आलेला प्रत्येक धोंडा छिन्नीने भेदत पंचवीस फुटांपर्यंत गेलो. तात्या रोज येऊन बसत आणि भोकातून निघालेला चुरा तळहातावर चोळून पाहत. चुरा काळा निघेपर्यंत ते मान हलवत नसत. सरजा लंगडत भाकरी आणून द्यायची.

काम पुरं झाल्यावर कालव्याला पाणी सोडलं. आम्ही सगळे काठावर उभे होतो. पाणी उताराच्या पायथ्याला लागलं तसे काही खडे गळून पडले, आणखी थोडे पडले, मग थांबले. सरजा कडेपर्यंत चालत गेली, खाली पाहिलं आणि परत येऊन वांगी तोडू लागली.

पुण्याला घरी आल्यावर थोरल्या भावाने विचारलं, "किती वर्षं टिकेल?"

"बघून सांगतो," मी म्हणालो. धंद्यात आजवर मी काम संपवून निघालो, की त्या गावाकडे वळून पाहिलं नव्हतं. पाऊसकाळ सरला की लासुर्ण्याला जाऊन येणार आहे. मला कोणी बोलावलेलं नाही.