मुंग्यांची चिठ्ठी

लग्न ठरलं तेव्हा माझ्या अरबीचं केवढं कौतुक झालं होतं! सून अरबी शिकलेली आहे, असं सांगत सासू अख्ख्या परळीत मिरवली. नवरा म्हणाला होता, "प्रबंध पुरा कर, मी हाय ना." गेवराईला फळांचा गाडा लावणारे माझे अब्बा त्या एका वाक्यावर विरघळले.

प्रबंध किड्यांच्या नावांवर होता. ऐकून लोक हसतात, हसू देत. मुंगी अरबीत नम्ल, हिब्रूत नमाला. माशी अरबीत जुबाब, हिब्रूत जवूव. टोळाला अरबीत जराद म्हणतात, ते सोलून उघडं करणं या अर्थाच्या धातूवरून. हिब्रूतल्या त्याच्या नावाचा संबंध 'पुष्कळ होणं' याच्याशी लावतात. एकानं शेताचे हाल पाहिले, दुसऱ्यानं थवा. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या अरब-यहुद्यांचं सख्खं नातं असं मुंगी-माशीत सापडतं, याचं मला अक्षरशः वेड लागलं होतं.

सासरी या विद्येचा एकच उपयोग निघाला. आमच्यात साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या की कुराणातली मुंग्यांची आयत कागदावर लिहून फडताळात चिकटवतात. तीत मुंग्यांना आपापल्या घरात जायला सांगितलंय, म्हणून. आधी ही चिठ्ठी मौलवीसाहेबांकडून यायची, आता घरचीच सोय झाली. गल्लीतल्या बायका यायच्या, मी लिहून द्यायचे. खरं तर तिथं एक मुंगीच बाकीच्यांना सावध करते, घरात शिरा, नाहीतर फौजेच्या पायाखाली चिरडल्या जाल म्हणून. हाकलण्याचा प्रश्नच नाही. हे मी एकदा सांगून पाहिलं. "तू लिही," सासू म्हणाली.

प्रबंध देण्याच्या शेवटच्या दिवशी मी पिशवी घेऊन दारात उभी होते, आणि नेमके नणंदेच्या सासरचे पाहुणे उतरले. "आजच कावून जायचं? सैपाक कोन करील?" सासू म्हणाली. मी नवऱ्याकडे पाहिलं. गॅरेजची किल्ली बोटात फिरवत तो म्हणाला, "पुढच्या साली बघू की." मुदतवाढ संपली, पुढचं साल नाही, हे मी त्याला दहादा सांगितलं होतं. तेव्हा आलेला संताप अजून उतरलेला नाही. मी बिर्याणी केली.

काही दिवसांनी शेजारीण तक्रार घेऊन आली. चिठ्ठी लावूनही मुंग्या हटत नव्हत्या. मी मोरीत भांडी घासत होते. सासूनं तिला बसवून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "काय करावं बाई, पोरीचं शिक्षण अर्धंच ऱ्हायलं."